सरळ पाइपची गाडी

१

दुपारची जेवणं आटोपली, की मी मागच्या पडवीत चिकू निवडायला बसते. आमची वाडी काही मोठी नाही. डहाणूहून कोसबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून सासऱ्यांनी लावलेली झाडं आहेत, तेवढीच. मोठं फळ एकीकडे, मध्यम एकीकडे, बारीक वेगळं. अंगावरची भुकटी फडक्याने पुसायची आणि क्रेट भरून ठेवायचे. संध्याकाळी टेम्पो येऊन घेऊन जातो. आमचे हे डहाणूला सरकारी नोकरीत, ते परत येईपर्यंत घरात आम्ही बायकाच. यंदा माझी लेक दीप्ती पहिल्या बाळंतपणाला आली होती. मुलगी झाली. त्यामुळे हात चिकूत असले तरी माझा एक कान आतल्या पाळण्याकडे असायचा.

सगळ्या पोरांचं रडणं सारखंच, असं बोलणाऱ्यांनी पोरं सांभाळलेली नसतात. आमची नात आधी नुसती विचारायची. बारीक आवाजात दोनतीनदा, 'आहे का कुणी?' असं विचारल्यासारखं. मग थांबायची. खरोखर वाट बघायची. तरीही कुणी गेलं नाही, तरच रागवायची. "आजीवर गेलीय," हे म्हणायचे. "आधी नम्र, मग पेटते."

एका दुपारी ती नुकतीच झोपली होती आणि रस्त्यावरून असा काही आवाज आला, की पडवीतले पत्रे थरथरले. क्रेटमधल्या फळांवर माझा हात होता, तर फळंसुद्धा हातात थरथरली. आत पोरगी किंचाळून उठली. विचारणं नाही, थांबणं नाही, एकदम किंचाळी.

मी फडकं टाकून फाटकाशी गेले. वळणावर वासुदेवभाऊंच्या दर्शनची काळी गाडी उभी होती. वासुदेवभाऊ म्हणजे आमच्या पलीकडच्या वाडीवाले, पाण्याच्या टँकरचा धंदा आहे त्यांचा. गाडी दर्शनने जुनीच घेतली होती, पण चांगली होती. दिवाळीला तिच्यात बसून आम्ही महालक्ष्मीला जाऊन आलो होतो.

"दर्शन, अरे काय झालं गाडीला? सायलेन्सर तुटला का?"

"तुटला नाही काकी, काढला." तो हसत होता. "तलासरीला हायवेवर करून आणलं. डबा काढून सरळ पाइप टाकला."

"मुद्दाम?"

"मग! काकी, हा आवाज नाही. साउंड आहे साउंड."

"माझ्या नातीला दोन्हीतलं काही कळत नाही. ती झोपेतून उठते."

"होईल सवय. मोठी झाली की स्वतःच म्हणेल, दर्शनमामा, एक राउंड मार."

आणि त्याने माझ्यादेखत पुन्हा ॲक्सिलेटर दाबला.

मी तणतणत घरात आले. चांगली चालणारी वस्तू हौसेने बिघडवून आणायची, आणि तिचं कौतुक बाकीच्यांनी झोप मोडून करायचं! हा कुठला न्याय?

२

आमच्या फाटकासमोर रस्ता वळतो आणि जरा चढतो. त्यामुळे दर्शनला जो काही जोर दाखवायचा असेल तो नेमका आमच्याच दारात. मांडणीवरची ताटं वाजायची. देवघरातली समई एकदा हलताना मी पाहिली.

एका सकाळी मी डाळ-भाताचा कुकर लावला आणि दीप्तीसाठी डिंकाचे लाडू वळायला घेतले. गाडी गेली, पोरगी रडली, दीप्तीने तिला घेतलं. मी लाडू वळत शिट्टीची वाट बघत राहिले. शिट्टी होईना. मग करपल्याचा वास आला.

ओट्याशी गेले तर कुकरवरची शिट्टी वर उडत होती. वाफेचा फवारा खिडकीपर्यंत जात होता. पण आवाज नव्हता. वाफेचा फुस्स असा आवाजसुद्धा नाही. टीव्हीचा आवाज बंद करून चित्र बघावं तसं मी ते बघत राहिले.

शिट्टी झिजली असेल म्हणून डहाणू रोडला स्टेशनजवळच्या दुकानातून नवी आणली. तीही तशीच. दुकानदाराने माझ्यासमोर ती फुंकून पाहिली होती, तिथे चांगली वाजली होती.

"बरं झालं ना," हे म्हणाले. "पोर झोपेल निवांत."

"शिट्ट्या मोजून मी आयुष्यभर भात केला. आता काय घड्याळ बघून करू?"

"बाकीचं जग करतंच की."

दोनेक दिवसांनी दर्शन फाटकाशी थांबला. चेहरा नुसता फुललेला. "काकी, ऐकलंत? गाडीला शिट्टी यायला लागली! ॲक्सिलेटरवरचा पाय सोडला की मागून बारीक शिट्टी येते. लोक त्यासाठी वेगळं सामान टाकतात, आपल्याला फुकटात. मित्र विचारतायत, काय टाकलंस? मी काहीच टाकलेलं नाही."

त्याने चढावर गाडी दामटली आणि पाय सोडला. धडधडाटाच्या शेपटाला एक लांब, चढत जाणारी शिट्टी आली.

शिट्ट्या सगळ्या सारख्याच असतात, मी मनाला समजावलं. पण माझा हात आपोआप पुढे झाला होता. फाटकात उभी राहून मी गॅसचं बटण शोधत होते.

३

मग आमचा कोंबडा गेला. म्हणजे कोंबडा होता, जिवंत होता, दाणे टिपत होता. पहाटे कुंपणाच्या भिंतीवर चढायचा, मान ताणायचा, डोळे मिटायचा, चोच उघडायचा. आणि काही नाही. मग तो चोच मिटून जरा वेळ तसाच उभा राहायचा आणि पुन्हा करून बघायचा. खालच्या कोंबड्या माना वाकड्या करून त्याच्याकडे बघायच्या. मला त्याची फार दया आली.

जिवली म्हणाली, "पडसं झालंय त्याला, बाय."

जिवली आमच्याकडे चिकू उतरवायला येते, आणि यंदा बाळाला तेल लावायचं कामही तिच्याकडे होतं. बोलायला पटाईत आणि हसायला त्याहून.

"कोंबड्याला पडसं कुठे होतं का जिवली?"

"का, त्याला नाक नाय? तुमच्यासारखी शाल पांघरून थोडाच ओरडतो तो पहाटे?"

आणि हसली. तिचं हसणं मडक्यात खडे टाकून हलवावं तसं होतं. पार वाडीच्या टोकाला ऐकू जायचं.

मी डहाणूला जाऊन कान तपासून घेतले. वय झालं, होऊ शकतं. डॉक्टरांनी कानांवर यंत्र लावून बारीक बारीक आवाज ऐकवले आणि मी दर वेळी बोट वर केलं.

"उत्तम आहेत कान," ते म्हणाले. "या वयात इतकं बारीक ऐकू येणारे कमी असतात, ताई."

"डॉक्टर, बाकी सगळं ऐकू येतं आणि एखादाच आवाज येत नाही, असं होतं का?"

"नाही. कमी झालं तर सगळंच थोडं थोडं कमी होतं."

बसमधून परत येताना मी विचार करत होते. मी उगाच गेले होते. कुकर दीप्तीलाही ऐकू येत नव्हता. कोंबडा जिवलीलाही ऐकू आला नव्हता. कान माझ्या एकटीचे होते, पण गेलेले आवाज सगळ्यांचे होते.

४

शेवटी मी वासुदेवभाऊंकडे गेले. मला कुणाच्या दारात जाऊन बोलणं आवडत नाही. पण जावं लागलं. ते ओटीवर चहा घेत होते.

"भाऊ, दर्शनला जरा आवरा. घरात तान्हं पोर आहे."

"वहिनी, तरुण मुलगा आहे. आत्ता हौस करणार नाही तर कधी? आपल्या वेळी कुठे होतं असलं काही?"

"आपल्या वेळी बाळं झोपायची."

"आणि गणपतीत डीजे लागतो तेव्हा नाही येत तुम्ही सांगायला?"

"येते की. दरवर्षी येते. तुम्हीच दार उघडता."

आतून त्यांच्या बायकोचं हसू ऐकू आलं. भाऊंनी कप खाली ठेवला. "हे बघा, रस्ता सरकारी आहे."

"रस्ता सरकारी असेल. घर माझं आहे. माझ्या घरातलं काही उचलून न्यायचा त्याला काय..."

मी थांबले. हे कुठून आलं माझ्या तोंडात?

भाऊंच्या कपाळाला आठी पडली. "उचलून न्यायचा? काय उचललं दर्शनने? चोरी म्हणताय?"

काय सांगणार होते मी? कुकरची शिट्टी नेली. कोंबड्याचं आरवणं नेलं. दहावी झालेली बाई मी, नातीची आजी. ओटीवर उभी राहून असं बोलले असते तर दुसऱ्या दिवशी साऱ्या रस्त्याला हसायला विषय झाला असता.

"झोप," मी म्हणाले. "झोप नेली आमची."

"मग कापूस घाला कानात," वासुदेवभाऊ म्हणाले आणि कप उचलला.

परत येताना मला रडू येत होतं. रागाने येतं ना, ते. ज्याचं जातं त्यानेच कानात कापूस घालायचा!

५

जिवली बाळाला पायांवर घेऊन तेल लावत होती. दीप्ती शेजारी केस विंचरत बसली होती. जिवली आपल्या नवऱ्याची, काकड्याची गोष्ट सांगत होती. तो बाजारातून बकरी आणायला गेला आणि विकणाऱ्याने बकरीऐवजी त्यालाच बांधून ठेवलं, असलं काहीतरी. दीप्ती पोट धरून हसत होती, आणि जिवली तर स्वतःच्याच गोष्टीला सगळ्यांत जास्त हसते.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी आली. धडधडाट आमच्या घरावरून गेला आणि चढावर विरला.

जिवली अजून हसत होती. खांदे हलत होते, दात दिसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. आवाज नव्हता.

तिच्याच लक्षात आलं. तेलाचा हात तिने गळ्याला लावला. "बाय, मी हसले ना?"

"हसलीस," मी म्हणाले.

"मग?"

बोलणं तिचं अगदी नेहमीसारखं होतं. तिने पुन्हा हसून पाहिलं, मुद्दाम, तोंड उघडून. आवाजावाचून हसणारं माणसाचं तोंड किती वाईट दिसतं, ते मला तेव्हा कळलं. ते हसणं वाटतच नाही. दीप्तीने मान फिरवली.

जिवलीने बाळाला अलगद माझ्याकडे दिलं, हात पुसले आणि पदर खोचून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिची जाऊ ठकी निरोप घेऊन आली, फाटकाच्या आत पाऊल न टाकता. "ती म्हंते, ती गाडी हाय तवर नाय येणार."

"बरी आहे ना ती?"

"बोलते चांगली. पण घरात कुणी जोक केला का उठून भायेर जाते."

दुपारी मी एकटीच चिकू निवडत होते. चढावरून गाडी खाली आली. अशा गाड्या उतारावर पाय सोडला की मागून फुटाणे फुटल्यासारखा आवाज काढतात. दर्शन त्यावर फार खूष असायचा. तसेच फुटाणे फुटले, पण या वेळी ते मडक्यात खडे हलवल्यासारखे होते.

आतून दीप्तीने हाक मारली, "आई, जिवलीमावशी आली का गं?"

उठून पाळण्यापाशी गेले. पोरगी जागी होती, मुठी चोखत होती. गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत मी तिच्या दोन्ही कानांवर हात ठेवून उभी राहिले. मग मनात आलं, कान झाकून काय उपयोग? जायचं ते कानांतून जाणारच नाही.

मी हात काढले आणि तिच्या ओठांवर एक बोट ठेवलं.

६

दुसऱ्या दिवशी मी भर रस्त्यात जाऊन उभी राहिले. दर्शनने करकचून ब्रेक मारला.

"काकी! मरायचंय का?"

"उतर खाली."

तो उतरला. मी म्हणाले, "परवा नातीचं बारसं आहे. तुम्हा सगळ्यांना बोलावणं केलंय. जुना सायलेन्सर बसवून आण, नाहीतर गाडी कुठेतरी लांब ठेवून ये. यापुढे एक दिवसही मी हे ऐकून घेणार नाही."

मला वाटलं होतं तो वाद घालेल. तो गाडीकडे बघत राहिला. डोळे सुजलेले होते.

"काकी, खरं सांगू? ती बंद केली तरी... इंजिन गार होताना टिकटिक होते ना, तसंच असेल. पण आतून काहीबाही येतं." मग घाईने म्हणाला, "जाऊ या तलासरीला. आत्ताच जाऊ. तुम्ही पण चला."

"मी कशाला?"

"चला ना."

तेवीस-चोवीस वर्षांचा दांडगा मुलगा आजारी पोरासारखा बोलत होता. मी दीप्तीला सांगून गाडीत बसले.

पाड्यांवरून जाणारा रस्ता. आत बसल्यावर आवाज वेगळाच लागत होता. कानांना कमी, छातीत जास्त. मी मागच्या काचेतून बघत होते. एका पाड्याच्या वळणावर एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. आम्ही पुढे गेलो आणि तिने एकदम पोराला दोन्ही हातांनी समोर धरलं, हलवलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पोराचं तोंड मोठं उघडलेलं होतं. मग तिने मान वर करून आमच्या गाडीकडे पाहिलं, आणि वळण आलं.

काच बंद होती, मी स्वतःला सांगितलं. बंद काचेतून कसं ऐकू येणार?

हायवेवरच्या गॅरेजवाल्या नविनभाईंनी गाडी वर चढवली. "बेन, बाजूला उभ्या राव्हा. आपण तर नुसता डबा कापला न् सरळ पाइप वेल्डिंग केला. शिट्टीबिट्टी आपण काय नाय टाकली. खोटं बोलणार नाय."

खाली शिरून त्यांनी पाना घेतला आणि पाइपवर मारला. मी बघत होते. पाना पाइपला लागला. काही वाजलं नाही. त्यांनी पुन्हा मारला. मग पाना शेजारच्या लोखंडी खांबावर मारून पाहिला. खण्ण वाजला.

नविनभाई पाना टाकून बाहेर आले. मागच्या भंगारातून जुना डबा शोधून आणला. तिथे तसल्या काढलेल्या डब्यांचा ढीग होता, गंजलेला, सरड्यांनी भरलेला. टोकाचा पाइप तेवढा त्यांनी तसाच ठेवला, मध्ये डबा जोडून दिला.

"झालं," पाठ फिरवून ते म्हणाले. "काढलेला डबा परत मागायला आलेल्या तुम्ही पहिल्याच, बेन."

गाडी सुरू झाली ती मांजराच्या पावलांनी. घरापर्यंत मी मान ताठ करून बसले होते. मला वाटलं, जिंकले मी.

७

बारशाच्या दिवशी घर भरून गेलं. पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या. घुगऱ्या शिजल्या, तुपाचा वास सुटला. वरवंट्याला कुंची घालून, कुंकू लावून पाळण्याखालून वरून फिरवला आणि बाळाच्या पायाशी ठेवला, बायकांनी पाळणा म्हटला. पोरगी मजेत होती. दीप्तीची नणंद निलम बोईसरहून आली होती. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान तिचा.

"नाव काय ठरलंय गं?" बायका विचारत होत्या.

"कानात सांगणार आधी, मग तुम्हाला," निलम म्हणाली. "आणि पाठीत जरा बेताने मारा हं. गेल्या वेळी माझ्या जावेला दोन दिवस शेक द्यावा लागला."

हशा झाला. वासुदेवभाऊंची बायको माझ्या शेजारीच बसली होती. आणि दाराशी दर्शन उभा होता, हातात पेढा घेऊन.

"कधी आलास रे?" मी विचारलं.

"झाला थोडा वेळ."

मी खिडकीतून पाहिलं. फाटकाच्या आत, तुळशीच्या पलीकडे काळी गाडी उभी होती. तोंड रस्त्याकडे, पाठ आमच्या घराकडे. ती आत आलेली मला कळलंसुद्धा नव्हतं. कुणालाच कळलं नव्हतं. आधी निदान ओरडत यायची.

निलम पाळण्यात वाकली. बाळाच्या कानाशी तिने ओठ नेले. बायकांचे हात वर गेले आणि तिच्या पाठीवर पडले. 'कुर्रर्र' ऐकायला सगळ्यांनी कान टवकारले.

निलमचे ओठ हलताना मला दिसले. काही ऐकू आलं नाही.

"मोठ्याने गं!" कुणीतरी ओरडलं. "लाजतेस काय?"

निलम वर उठली, गोंधळलेली. आणि पाळण्यात पोरीचं तोंड आक्रसलं. ओठ वळले. तिने तोंड उघडलं. जीभ थरथरायला लागली, चेहरा लाल झाला, डोळ्यांच्या कडेने पाणी वाहायला लागलं. सगळ्या जणी हसून वाट बघत होत्या, आता रडेल, आता रडेल.

दीप्तीने झडप घालून तिला उचललं. "आई! श्वास अडकलाय तिचा!"

श्वास अडकला नव्हता. पोट खालीवर होत होतं. पोरगी रडत होती. कधीची रडत होती.

मी पाळण्यातला वरवंटा उचलला आणि बाहेर धावले.

८

"काकी, बंद आहे ती!" दर्शन मागून धावत आला. "ही बघा चावी, माझ्या हातात आहे!"

बॉनेटवर हात ठेवला तर गार होतं. मी मागे गेले आणि वाकले. पाइपचं टोक माझ्या समोर होतं.

वारा नव्हता. चिकूचं एक पान हलत नव्हतं. पण माझ्या पदराचं टोक हललं. ते हळूच उचललं गेलं आणि पाइपच्या तोंडाकडे गेलं. थोडं आत गेलं. थांबलं. सैल पडलं. मग पुन्हा उचललं गेलं.

गाडीच्या पाइपातून धूर बाहेर येतो. आयुष्यभर हेच पाहिलंय. ही आत घेत होती.

आणि खूप आतून, पाइप गाडीएवढाच लांब असताना विहिरीच्या तळातून यावा तसा, दोनतीनदा बारीक आवाज आला. मग थांबला. वाट बघत थांबला.

मला भीती वाटायला हवी होती. मला इतका संताप आला, की डोळ्यांपुढे अंधारी आली. "दे!" मी ओरडले. "कुणाला विचारून घेतलंस? आमचं आहे ते! दे!" आणि वरवंटा दोन्ही हातांनी पाइपवर घातला. घातला आणि घालत राहिले. एकाही घावाचा आवाज झाला नाही. दर्शन माझे हात धरायला आला आणि मध्येच मागे सरकला. शेवटी नविनभाईंचं वेल्डिंग सुटलं, पाइप एका बाजूने फाटला.

मग ते बाहेर आलं. कुठला तरी हातपंप. कुणाची जुनी खोकल्याची ढास. शाळेची घंटा. एक बाई लांब सूर काढून "नवशे, ए नवशे" अशी कुणाला तरी हाक मारत होती. बैलाच्या गळ्यातलं काहीतरी. आणि पोरं. किती ते मला सांगता येणार नाही, एकात एक मिसळलेली, तान्ही पोरं, सगळी एकदम रडत होती. माझ्या अंगावरून ते सगळं गेलं आणि अंगण रिकामं झालं.

घरात पोरगी रडली. मोठ्याने, खणखणीत.

"रडली गं आई, रडली!" दीप्ती दारात येऊन हसत होती, रडत होती. आत बायका एकदम बोलायला लागल्या. निलमने पुन्हा कुर्रर्र केलं, ते अंगणात ऐकू आलं. नाव ऐकू आलं. टाळ्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, घुगऱ्या वाटा आता.

मी वरवंटा धरून तिथेच उभी होते. ऐकत होते.

नातीचं रडणं चांगलं आहे. भरदार आहे. पहिल्या श्वासापासून पूर्ण जोरात. ती आता काही विचारत नाही, थांबत नाही.

गाडी वासुदेवभाऊंनी त्याच आठवड्यात विकून टाकली. कुणाला, ते सांगायला तयार नाहीत. मी दारात जाऊन बसले, तरी सांगत नाहीत. दर्शन मामाकडे राहायला गेलाय. हे म्हणतात, पोरं बदलतात, महिन्याला आवाज बदलतात, तू मनाला लावून घेऊ नकोस. दीप्ती आनंदात आहे, तिला मी काही सांगितलेलं नाही. सांगू तरी काय? आणि जाब विचारायचा तर कुणाला? कुठल्या तरी घरात एक आई बसली असेल, तिच्या मांडीवर तोंड उघडून, लाल होऊन पोर रडत असेल. त्या बाईचं मी काय देणं लागते, ते मला कळत नाही. ते मला परत देता येत नाही, एवढंच कळतं.

पोरगी रडली, की मीच सगळ्यांत आधी पाळण्याशी जाते. रोज जाते आणि रोज तेच बघते. तिचं तोंड उघडतं, आवाज बाहेर पडतो, आणि ती एकदम गप्प होते. डोळे मोठे करते. मग मान वळवून दाराकडे बघते, कोण रडतंय ते.